गॅस पाण्यातून सोडला, तरी कार्बन डायऑक्साइड का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा: ४० जनावरांचा गोठा, रोज साधारण ४०० किलो शेण, दीनबंधू पद्धतीचा, म्हणजे पक्क्या डोमचा बायोगॅस प्लँट. डोममधून येणारा गॅस २०० लिटरच्या प्लास्टिक बॅरलमधल्या पाण्यातून बुडबुडे काढत नेला. बुडबुडे बारीक व्हावेत म्हणून माशांच्या टाकीतले हवेचे दगड लावले. आठवडाभर चालवलं. ज्योत सुधारायच्या ऐवजी मंदावली. 'पाण्याने कार्बन डायऑक्साइड निघतो असं वाचलं होतं, मग चुकलं कुठे? पाण्यात चुना टाकू का? आणि शुद्ध झालेला गॅस घरगुती गॅसच्या रिकाम्या सिलिंडरात भरता येईल का?'

तुमचं वाचन बरोबर आहे, बॅरल चुकलं. गेली वीस-बावीस वर्षं मी हेच काम करतो आहे आणि असली किमान दहा बॅरलं पाहिली असतील. त्यातलं पहिलं माझंच होतं.

आधी बॅरलचा हिशोब करू, म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. ३० अंशाच्या एक लिटर पाण्यात साध्या हवेच्या दाबाला जास्तीत जास्त ०.६६ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, तोही वर निव्वळ कार्बन डायऑक्साइड असेल तर. तुमच्या गॅसमध्ये तो ४० टक्क्यांच्या आसपास, बाकीचा मिथेन. म्हणजे पाण्यावर त्याचा वाटणीचा दाब (एकूण दाबातला त्याचा हिस्सा) हवेच्या दाबाच्या ०.४ इतकाच. ०.६६ ला ०.४ ने गुणा, लिटरमागे ०.२६ लिटर. २०० लिटर पाण्यात झाले सुमारे ५३ लिटर. एवढा कार्बन डायऑक्साइड १३० लिटर कच्च्या गॅसमध्ये असतो. घरगुती बायोगॅस शेगडी तासाला साडेचारशे लिटरच्या आसपास गॅस खाते. म्हणजे अख्खं बॅरल सतरा-अठरा मिनिटांत संपलं! तेही प्रत्येक बुडबुड्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्याने पुरता शोषला असं धरून. बुडबुडा दीड-दोन सेकंदांत वर येतो, तेवढ्या वेळात पुरतं शोषण होत नाही. पहिल्या दिवशी पहिला चहा झाल्यावर त्या पाण्याने काहीच केलेलं नाही. पुढचे सात दिवस गॅस नुसता सोड्याच्या पाण्यातून फिरून आला.

मग ज्योत मंदावली का? दाबामुळे. दीनबंधूच्या डोमचा दाब भरलेला असताना पाण्याच्या स्तंभात पाऊण-एक मीटरपर्यंत जातो आणि गॅस वापरला की उतरत जातो. तुम्ही नळी ३० सेंटीमीटर खोल घातली असेल तर तेवढा दाब बॅरलनेच खाल्ला, वर दगडांच्या बारीक छिद्रांनी आणखी थोडा. शेगडीला उरला किती? तरंगत्या टाकीचा प्लँट असता तर गॅस आलाच नसता, कारण तिथे एकूण दाबच दहा सेंटीमीटरच्या आसपास.

आता पाण्याची मूळ पद्धत. ती खोटी नाही, जगभर चालते. स्वीडनमध्ये वाहनांचा बायोगॅस शुद्ध करायला वर्षानुवर्षं मुख्यतः पाणीच वापरलं गेलं. लिन्शॉपिंगच्या बस त्यावर धावतात, २००५ साली तिथून एक प्रवासी रेल्वेगाडीही बायोगॅसवर सुरू झाली होती. आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीत प्रा. वीरेंद्र कुमार विजय यांच्या गटाने पाण्याने धुणारा छोटा संच बसवला आणि त्या गॅसवर गाडी चालवून दाखवली. पण या सगळ्या ठिकाणी तुमच्या बॅरलमध्ये नसलेल्या तीन गोष्टी आहेत: दाब, गार पाणी, आणि गॅस-पाण्याची उलटी गाठ.

दाबाचं महत्त्व आकड्यांतच कळतं. समजा तासाला १० घनमीटर कच्चा गॅस धुवायचा आहे. त्यात ४ घनमीटर कार्बन डायऑक्साइड. साध्या दाबाला, ३० अंशांना, पाणी लागेल तासाला १५ हजार लिटर, आणि हे कागदावरचं कमीत कमी. तोच गॅस कॉम्प्रेसरने दाबून ९ बारवर नेला (गेजवर ९, हवेचा एक धरून १०), की कार्बन डायऑक्साइडचा वाटणीचा दाब ०.४ वरून ४ होतो आणि पाणी दसपट कमी लागतं. म्हणजे दीड हजार लिटर. प्रत्यक्षात अडीच हजार धरा, कारण गॅस धुवायचा कुठलाही उभा टॉवर कागदासारखा चालत नाही.

मिथेन पाण्यात कार्बन डायऑक्साइडच्या वीस-पंचवीस पट कमी विरघळतो, म्हणून तर ही युक्ती चालते. पण 'कमी' म्हणजे 'नाही' नव्हे. दहा बारला, टॉवरच्या तळाशी, लिटरभर पाणी ०.१७ लिटरच्या आसपास मिथेन उचलून नेतं. अडीच हजार लिटरला सव्वाचारशे लिटर. तुमच्या ६ घनमीटर मिथेनमधला सात टक्के पाण्याबरोबर गटारात, आणि तिथून हवेत. पैशाचं नुकसान आहेच, शिवाय मिथेन हवेत सोडणं म्हणजे ज्यासाठी बायोगॅस करायचा त्यावरच पाणी. यावर उपाय साधा आहे, पण छोट्या संचात लोक नेमका तोच गाळतात. टॉवरमधून निघालेलं पाणी थेट बाहेर सोडायचं नाही. मधे एक बंद टाकी ठेवून दाब तीनेक बारवर आणायचा. तिथे मिथेनचा बराचसा भाग आधी फसफसून वर येतो. तो परत कॉम्प्रेसरच्या तोंडाशी न्यायचा. त्याच्याबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही परत येतो आणि कॉम्प्रेसरचं काम वाढतं, पण तेवढं सोसायचं.

गार पाण्याचा मुद्दा आपल्या हवेत मोठा आहे. २० अंशांना लिटरभर पाण्यात ०.८८ लिटर कार्बन डायऑक्साइड मावतो, ३५ अंशांना ०.५९. तिसरा हिस्सा गेला. मी बसवलेला एक संच डिसेंबरात चालू केला, सगळे खूश. एप्रिल संपता संपता फोन: 'साहेब, मिथेन नव्वदच्या खाली आला, मशीन बिघडलं.' मशीन ठणठणीत होतं. पाण्याची सिंटेक्स टाकी पत्र्यावर होती आणि पाण्यात हात घातला तर आंघोळीचं पाणी काढल्यासारखं वाटत होतं. टाकी खाली सावलीत आणली, संच पहाटे तीन ते दहा चालवायचा ठरवला, आकडा पुन्हा वर गेला. वापरलेलं पाणी पुन्हा ताजं करायला जो दुसरा टॉवर लागतो (वरून पाणी, खालून पंख्याची हवा), तोही पाणी गार करतो, माठासारखा. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा फायदा भरपूर मिळतो, कोकणात फार नाही.

उलटी गाठ म्हणजे पाणी वरून खाली, गॅस खालून वर. बाहेर पडायच्या बेतात असलेल्या जवळजवळ शुद्ध गॅसला सगळ्यात ताजं पाणी भेटतं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला सगळ्यात कच्चा गॅस. बॅरलमध्ये हे कधीच होत नाही. टॉवरमध्ये भराव म्हणून प्लास्टिकच्या जाळीदार कड्या टाकतात, त्यांना पॉल रिंग म्हणतात. तासाला १० घनमीटरच्या संचाला साधारण २०० मिलिमीटर व्यासाचा टॉवर आणि आत तीन-साडेतीन मीटर भराव लागतो. कड्या २५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नकोत, नाहीतर कडेने वाटा पडतात. वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे इंच-इंचाचे तुकडे करून भरलेले टॉवरही मी पाहिलेत. चालतात, फक्त उंची जास्त द्यावी लागते.

खरी गोम वरच्या पाण्याच्या फवाऱ्यात असते. एकदा टॉवर उघडला तेव्हा दिसलं की आतल्या कड्या मधोमध कोरड्या ठाक, धूळसुद्धा तशीच, आणि भिंतीलगतच्या तेवढ्या हिरव्या, बुळबुळीत. वर नुसता एक एल्बो सोडलेला होता. पाणी भिंतीवर आपटून भिंतीनेच खाली जात होतं आणि गॅस मधून आरामात वर. भोकं पाडलेली पसरट थाळी बसवली, आणि दीड मीटरवर पाणी पुन्हा मध्यभागी आणणारी एक कडी. खर्च किरकोळ, फरक मोठा.

तळाच्या पाण्याच्या पातळीवर मात्र पैसे वाचवू नका. टॉवरच्या तळाशी नेहमी फूटभर पाणी उभं राहिलं पाहिजे, तेच गॅसला खाली जाऊ देत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका संचात बाहेरचा व्हॉल्व्ह हातानेच लावून ठेवलेला असे. एका रात्री पंपाची एक फेज गेली, पाणी थांबलं, कॉम्प्रेसर मात्र दुसऱ्या लाइनवर होता तो चालूच. तळाचं पाणी संपलं आणि आठ बारचा गॅस शिट्टी वाजवत उघड्या हौदात सुटला. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन झाला की ठिणगी पुरते. त्या रात्री तिथे कुणी बिडी पेटवली नाही, एवढंच आमचं नशीब. तेव्हापासून पातळीवर चालणारा व्हॉल्व्ह, आणि पंप थांबला की कॉम्प्रेसर आपोआप बंद, हे दोन नसतील तर मी संच चालू करून देत नाही. मालक रागावले तरी.

पाण्याबद्दल आणखी थोडं. कार्बन डायऑक्साइड भरलेलं पाणी आंबट असतं, सामू चारच्याही खाली जातो. साध्या लोखंडी पाइपचा टॉवर एका हंगामात तांबडं पाणी द्यायला लागतो आणि दोन-तीन वर्षांत वेल्डिंगच्या जोडाला टाचणीएवढी भोकं पडतात. दाबाच्या भांड्याला हे परवडत नाही, स्टेनलेसच घ्या. सिमेंटचा हौदही खडबडीत होत जातो. बोअरचं जड पाणी वापरलं तर उलटंच दुखणं: दाबाखाली चुना विरघळलेला राहतो, आणि हवेच्या टॉवरमध्ये कार्बन डायऑक्साइड निघून गेला की किटलीत बसतो तसा पांढरा थर कड्यांवर बसतो. शक्य असेल तर पावसाचं किंवा विहिरीचं हलकं पाणी घ्या. विहिरीवरून शेताला रोज पाणी जातच असेल, तर तेच आधी टॉवरमधून काढून मग शेततळ्यात सोडायचं, परत फिरवायचंच नाही, हा मला आवडणारा मार्ग आहे. दुसरा टॉवर वाचतो, पाणी नेहमी ताजं. पण मधली बंद टाकी तिथेही हवीच, आणि पाणी उघड्यावर, वाऱ्यात सोडायचं. खड्ड्यात किंवा बंद खोलीत नको. निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो आणि खाली उतरलेल्या माणसाला चक्कर येईपर्यंत काही कळत नाही.

हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो कुजक्या अंड्याचा वास. पाणी त्यालाही धरतं, कार्बन डायऑक्साइडच्या तिप्पट चांगलं. म्हणून काही जण म्हणतात, वेगळा काढायची गरजच काय? गरज आहे. पाण्यात गेलेला तो हवेच्या टॉवरमधून गावभर वास करत बाहेर पडतो, आणि थोडा तिथेच पिवळट गंधक होऊन कड्यांत चिकटतो. त्याआधी कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह खातो ते निराळंच. शेणाच्या गॅसमध्ये तो बहुधा शेकड्यांत पीपीएम (दहा लाखांत एवढे भाग) असतो, साखर कारखान्याच्या प्रेसमडच्या (रस गाळून उरलेल्या गाळाच्या) गॅसमध्ये हजारांत जातो. शंभर पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका. तो आधीच लोखंडाच्या गंजावर काढून घ्या, कसा ते शेवटी सांगतो.

चुन्याबद्दल विचारलंत. चुन्याची निवळी कार्बन डायऑक्साइड नक्की धरते, शाळेत आपण फुंकर घालून ती दुधाळ केलेली आहेच. पण एक घनमीटर कच्च्या गॅसमधला सगळा कार्बन डायऑक्साइड धरायला सव्वा किलोच्या आसपास विरी गेलेला चुना लागतो. तुमचा गॅस रोज १६ घनमीटर धरला तर रोज वीस किलो चुना, आणि त्याहून जास्त चिखल उपसायचा. वर तो चुना भट्टीत भाजताना तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. प्रयोगशाळेत ठीक, गोठ्यात नको.

आता सिलिंडर. घरगुती गॅसचं सिलिंडर १४.२ किलोचं का भरतं, तर एलपीजी थोड्या दाबाला द्रव होतो. मिथेन उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्या सिलिंडरात पाणी मावतं ३३ लिटर. दहा बारला शुद्ध मिथेन भरला तर आत जेमतेम ३३० लिटर गॅस, वजन पाव किलोही नाही. एलपीजीच्या भरलेल्या सिलिंडरात असते त्याच्या पन्नासाव्या हिश्शाहून कमी उष्णता. म्हणजे एका स्वयंपाकालाही पुरेल याची खात्री नाही. खरा उपयोग व्हायचा तर २०० बारला, सीएनजीच्या सिलिंडरात भरायला हवा. त्याला पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो (मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे), आणि गॅसची प्रत भारतीय मानक १६०८७ प्रमाणे लागते: मिथेन किमान ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ४, ऑक्सिजन अर्धा टक्का, गंधक घनमीटरमागे २० मिलिग्रॅम, ओलावा ५ मिलिग्रॅम. पाण्याने धुतलेला गॅस ओलाच असतो, त्यामुळे पुढे वाळवणारा संच आलाच. फ्रीजच्या कॉम्प्रेसरने एलपीजीच्या सिलिंडरात बायोगॅस भरताना कुणी दाखवलं असेल, तर ते पाहून विसरून जा. ती भांडी त्या कामाची नाहीत, आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर कुठेतरी हवा ओढत असेल तर आत काय मिश्रण तयार होतं हे कळायला दुसरी संधी मिळत नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत: कार्बन डायऑक्साइड काढूच नका. ४०० किलो शेण म्हणजे दिवसाला साधारण १६ घनमीटर गॅस. तासाला १० घनमीटर धुणारा संच तुमच्याकडे दोन तासही चालणार नाही, आणि त्याला पंप व कॉम्प्रेसर मिळून तीन किलोवॅटच्या आसपास वीज लागेल. तीनशे जनावरांची गोशाळा असती, रोज १२० घनमीटर, म्हणजे दिवसाला ४५ ते ५० किलो सीएनजीच्या तोडीचा गॅस, तर गणित मांडायला मी स्वतः आलो असतो. चार-पाच गोठे एकत्र येऊन शेण एका जागी आणणार असाल तरी बोलू.

शेगडीला कार्बन डायऑक्साइडचा काही त्रास नाही. ६० टक्के मिथेनचा गॅस उत्तम निळा जळतो, फक्त शेगडी बायोगॅसची हवी, एलपीजीच्या बारीक जेटची नको. तुमचे १६ घनमीटर म्हणजे रोज सात किलो एलपीजीच्या बरोबरीचे, दोन दिवसांत एक सिलिंडर. एवढी उष्णता घरच्या स्वयंपाकात संपत नाही. गोठ्यावर दूध आहेच, खव्याची भट्टी लावा. किंवा जनरेटर: घनमीटरमागे सव्वा ते दीड युनिट वीज मिळते, म्हणजे रोज वीस ते चोवीस युनिट, कडबाकुट्टी आणि दूध काढायचं यंत्र त्यात भागेल. इंजिनालाही कार्बन डायऑक्साइड चालतो. चालत नाही तो हायड्रोजन सल्फाइड आणि पाणी.

मुळात गॅस कसा आहे ते आधी घरीच मोजा. औषधाच्या दुकानातून ५० मिलिलिटरची सिरिंज आणि बारीक नळी आणा. गॅसने दोनदा भरून रिकामी करा, म्हणजे आतली हवा जाईल. मग ४० पर्यंत गॅस घ्या. नळीचं टोक कॉस्टिक सोड्याच्या दहा टक्के द्रावणात बुडवून १० मिलिलिटर ओढा, टोक बोटाने बंद करून मिनिटभर हलवा. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, सोडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. आता टोक पुन्हा द्रावणात धरून बोट काढा. जेवढा कार्बन डायऑक्साइड होता तेवढं द्रावण आणखी आत खेचलं जाईल. दट्ट्या अडकत असेल तर हलक्या हाताने आत-बाहेर करून सोडा. ४० पैकी १६ गेले तर ४० टक्के, प्लँटची तब्येत ठीक. २० गेले, म्हणजे निम्मा कार्बन डायऑक्साइड, तर दोष शुद्धीकरणात शोधू नका, डोममध्ये शोधा: शेण जास्त पडतंय, पाणी कमी पडतंय, की गोठा धुतलेलं फिनेलचं पाणी आत जातंय.

बॅरल फेकू नका, हायड्रोजन सल्फाइड काढायला ते कामाला येईल. त्यातलं पाणी ओता, लेथवाल्याकडून लोखंडाची कातण आणा, आठवडाभर पाणी शिंपडून उन्हात तांबडीलाल गंजू द्या आणि मग घट्ट झाकणाच्या त्याच बॅरलमध्ये सैल भरून त्यातून गॅस न्या. खाली एक कॉक ठेवा, पाणी साचलं की सोडायला. कातण काळी पडली की काढायची वेळ झाली. काढताना आधी गॅसचा कॉक बंद, मग कातणीवर भरपूर पाणी, आणि ती मोकळ्या जागी पातळ पसरायची. काळी कातण कोरडी असताना हवा लागली की आपोआप तापते, बॅरलमध्येच राहिली तर प्लास्टिक वितळवते. पसरलेली कातण ओली ठेवलीत तर दोन-चार दिवसांत परत तांबडी होते आणि पुन्हा भरता येते.